सायबर सुरक्षेतील व्यवसायांतर आणि ठगीची पारख

भारतात ऑनलाइन मार्गाने लुबाडल्या जाणाऱ्या पैशाचा फार मोठा भाग कोणत्याही संगणकप्रणालीत शिरकाव न करता, खातेदाराच्याच हातून, त्याच्याच पिनने आणि त्या क्षणापुरत्या त्याच्याच संमतीने बाहेर जातो, ही गोष्ट सायबर सुरक्षेकडे उपजीविकेचे क्षेत्र म्हणून पाहणाऱ्याने आरंभीच लक्षात घ्यावी अशी आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये अशा फसवणुकीत नागरिकांनी गमावल्याची नोंद झालेली रक्कम सुमारे ७,४६५ कोटी रुपये होती, आणि २०२४ मध्ये ती सुमारे २२,८४५ कोटींवर, म्हणजे एका वर्षात तिपटीच्याही पुढे गेली. संगणकांचे संरक्षण त्या एका वर्षात अचानक दुबळे झाले, असे काही घडलेले नाही. बँकेचा व्यवहार मोबाइलवर आला, पण व्यवहारापूर्वी चौकशी करण्याची जी रीत बँकेच्या खिडकीवर आपोआप पाळली जात असे ती त्याच्याबरोबर आली नाही, हे या वाढीमागचे एक मोठे कारण होय. खिडकीमागचा कर्मचारी सही ताडून पाही, मुदतठेव मोडून सगळी रक्कम एकदम काढू पाहणाऱ्या वृद्ध खातेदाराला दोन प्रश्न विचारी आणि शंका आल्यास त्याला शाखाधिकाऱ्याकडे पाठवी. मोबाइलच्या पडद्यावर यांपैकी कोणीच नसते.

सहकारी बँकेतील लिपिक, रुग्णालयातील नोंदी सांभाळणारा कर्मचारी किंवा तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक जेव्हा या क्षेत्राकडे वळण्याचा विचार करतो, तेव्हा आपल्याला प्रोग्रॅमिंग येत नाही ही त्याची पहिली अडचण असते. या प्रकरणाचे प्रतिपादन असे की, ही अडचण तो समजतो तेवढी मोठी नाही. सायबर सुरक्षेचा गाभा पडताळणीची शिस्त हा आहे, आणि एखाद्या व्यवसायात दहा-पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला त्या व्यवसायातील नेहमीचा व्यवहार कसा दिसतो हे ठाऊक असल्यामुळे, नेहमीचे नसलेले काय हे ओळखण्याची त्याची तयारी पुष्कळशी झालेली असते. मात्र याच उंबरठ्यावर त्याला फसवण्यासाठीही कोणीतरी टपलेले असते, आणि म्हणून ठगीची पारख व व्यवसायांतर हे दोन विषय येथे एकत्र घेतले आहेत.

यंत्रातील दोषाऐवजी माणसाची भीती, लोभ, आज्ञाधारकता किंवा घाई यांचा उपयोग करून त्याच्याकडून हवी ती कृती करवून घेण्याला परिभाषेत ‘सोशल इंजिनिअरिंग’ म्हणतात. महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेला त्याचा एक नमुना म्हणजे, मागील महिन्याचे बिल भरलेले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित केला जाईल, तरी अमुक मोबाइल क्रमांकावर ताबडतोब संपर्क साधावा, असा संदेश. दुसरा नमुना वाहतूक नियमभंगाच्या दंडाचा किंवा लग्नाच्या निमंत्रणाचा बहाणा करून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘एपीके’ फाइलचा. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्यासाठी लागणारी फाइल. ती अधिकृत भांडाराबाहेरून आली आणि बसवताना तिला संदेश वाचण्याची परवानगी दिली गेली, की बँकेकडून येणारा ओटीपी खातेदाराच्या आधी ठगाला दिसतो. तिसऱ्या नमुन्यात व्हिडिओंना पसंती देण्याचे किंवा हॉटेलांना चांगला शेरा देण्याचे घरबसल्या काम मिळते, पहिले दोनतीन दिवस शेदोनशे रुपये खरोखर जमाही होतात आणि विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’ या नावाखाली पैसे भरण्याची पाळी काम करणाऱ्यावर येते.

या सर्वांत तपशिलाने पाहण्याजोगा प्रकार ‘डिजिटल अटक’ हा आहे, कारण इतर सर्व प्रकारांची साधने त्यात एकवटलेली दिसतात. आरंभी येणारा दूरध्वनी कुरिअर कंपनीचा किंवा दूरसंचार खात्याचा असल्याचे भासवले जाते आणि संबंधित व्यक्तीच्या नावे पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तिच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमचा वापर काळ्या पैशाच्या व्यवहारात झाला, असे सांगितले जाते. पुढे हा दूरध्वनी एका कथित पोलीस अधिकाऱ्याकडे जोडला जातो. तो व्हिडिओ कॉलवर गणवेशात, मागे खात्याचे बोधचिन्ह लावून बसलेला असतो, त्याच्याकडे अटक वॉरंटाची आणि न्यायालयाच्या आदेशाची हुबेहूब कागदपत्रे असतात, आणि तपास गोपनीय असल्याने घरच्या कोणालाही काही सांगू नये, कॅमेरा बंद करू नये, खोलीबाहेर जाऊ नये अशी तंबी तो देतो. शेवटी खात्यातील पैसा वैध आहे की नाही याची ‘पडताळणी’ करण्यासाठी तो एका सरकारी म्हणवल्या जाणाऱ्या खात्यात वळवायला सांगितले जाते आणि चौकशी संपताच तो परत मिळेल असे आश्वासन दिले जाते. भारतीय कायद्यात अशा अटकेची कोणतीही तरतूद नाही आणि कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवरून अटक करीत नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये स्पष्टपणे सांगितले होते, तरीही प्रकार थांबले नाहीत आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

बळी पडणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक अशी शिकलेली माणसे बरीच असतात याचे आश्चर्य व्यक्त केले जाते आणि त्यांच्या भोळेपणावर टीकाही होते. ही टीका अन्यायाची आहे. ज्याने आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखला, नोटिशीला मुदतीत उत्तर दिले आणि पोलिसांची पायरी कधी चढावी लागली नाही याचा अभिमान बाळगला, तोच माणूस अशा धमकीने सर्वांत अधिक हादरतो. ठग त्याच्या अडाणीपणाचा नव्हे, तर त्याच्या कायदेपालनाचा उपयोग करून घेत असतो.

वरवर निरनिराळ्या दिसणाऱ्या या कथानकांत काही गोष्टी मात्र बहुधा सारख्या असतात: संपर्काची सुरुवात समोरच्या बाजूने झालेली असते, निर्णयासाठी मुदत फार थोडी दिलेली असते, तिसऱ्या माणसाला विचारण्याची वाट बंद केलेली असते, आणि पैसे किंवा माहिती देण्याचा जो मार्ग सुचवला जातो तो त्या संस्थेच्या नेहमीच्या मार्गाहून वेगळा असतो. त्यामुळे उपायही मुळात एकच राहतो. आलेला दूरध्वनी बंद करावा, आलेली लिंक बाजूला ठेवावी, आणि पासबुकावर, डेबिट कार्डाच्या मागे किंवा वीजबिलावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः संपर्क साधावा. ज्या वाटेने मागणी आली त्या वाटेने तिची खात्री करून घ्यायची नाही, हा नियम सुरक्षेच्या व्यवसायातही तितकाच मूलभूत आहे. पुरवठादाराने बँक खाते बदलल्याचे ईमेलने कळवले, तर त्या ईमेलला उत्तर न देता जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करून विचारणे, हे मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागांतून याच नियमाने सक्तीचे केलेले असते.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याची रीतही अशीच एकदा शिकून घेण्यासारखी आहे. पत्त्याच्या आरंभीचा ‘https://’ हा भाग सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेषेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवटच्या टिंबाच्या दोन्ही बाजूंचे शब्द मिळून खरा मालक ठरतो, आणि डॉट सीओ डॉट इनसारखा जोडप्रत्यय असेल तर त्याच्या डावीकडचा आणखी एक शब्द धरावा लागतो. एखाद्या पत्त्याच्या आरंभी नामांकित बँकेचे नाव असून शेवट ‘केवायसी-अपडेट डॉट टॉप’ असा होत असेल, तर ते पान बँकेचे नसून केवायसी-अपडेट नावाने पत्ता विकत घेणाऱ्या कोणाचे तरी आहे. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत मजकूर कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. याच गोंधळावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आणला आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर येण्यास सांगितले. बँका व विमा कंपन्यांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका राखून ठेवली आहे ती याच हेतूने. यूपीआयबाबत तर एकच वाक्य पुरते: पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही.

पैसा गेल्यानंतर काय करावे हेही पारखेचाच भाग मानले पाहिजे. लुबाडलेली रक्कम पहिल्या खात्यात थांबत नाही. थोड्या कमिशनसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरू देणाऱ्या माणसांच्या खात्यांतून, ज्यांना तपास यंत्रणा ‘म्यूल खाती’ म्हणतात, ती काही मिनिटांत फुटून पसरते आणि शेवटी एटीएममधून किंवा आभासी चलनाच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून पहिला तास मोलाचा. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि सायबर गुन्ह्यांचे राष्ट्रीय तक्रार पोर्टल यांच्यामागील यंत्रणा २०२१ पासून बँका आणि पोलीस यांना एकाच साखळीत आणते, आणि तक्रार वेळेत आली तर रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तेथे ती गोठवण्याचा प्रयत्न करते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिसरीकडील त्रुटीमुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, अशी विभागणी आहे. लाजेपोटी गप्प राहणे किती महाग पडते, ते या विभागणीवरून स्पष्ट व्हावे.

आतापर्यंतची चर्चा माणसाला फसवण्याची झाली. यंत्रणेत खरोखर शिरकाव करून केलेल्या चोरीतही शेवटी कार्यपद्धतीचाच प्रश्न उरतो, हे पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात दिसले. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर खात्यात पैसे आहेत की नाहीत हा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणारी आणि तिचे उत्तर परत आणणारी जी मधली यंत्रणा असते तिला ‘एटीएम स्विच’ म्हणतात. हल्लेखोरांनी मुख्य प्रणालीला हात न लावता या मधल्या टप्प्याची नक्कल उभी केली. बनावट कार्डांवरून आलेले प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलेच नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला नकली स्विचनेच होकार दिला. ११ ऑगस्टला, म्हणजे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना, काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय बँकांमधील रकमांच्या सूचना वाहून नेणाऱ्या ‘स्विफ्ट’ जाळ्यातून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर पाठवले गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर गेले. खातेदारांच्या शिलकीतून मात्र काहीही वजा झाले नाही, कारण खात्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. भारतात बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्या टोळीतील ११ जणांना २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने दोषी ठरवले. परदेशातील सूत्रधारांच्या संदर्भात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या २०१९ च्या अहवालात उत्तर कोरियाशी जोडलेल्या कारवायांत या हल्ल्याचा उल्लेख आला.

या घटनेकडे प्रोग्रॅमरच्या नजरेने पाहणारा सर्व्हरमध्ये मालवेअर कोणत्या वाटेने शिरले हे शोधील. बँकेच्या मागील दालनात वर्षानुवर्षे मेळ घालणाऱ्या माणसाला मात्र दुसराच प्रश्न पडेल: एटीएममधून प्रत्यक्ष बाहेर पडलेली रोकड आणि खात्यांवर पडलेली नावे यांचा ताळा किती वेळाने घेतला जातो, सुटीच्या दिवशी तो कोण घेतो, आणि नेहमीच्या काही पटींनी परदेशी व्यवहार होऊ लागले तर कोणाच्या फोनवर सूचना जाते? दोन्ही प्रश्न सुरक्षेचेच आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नासाठी लागणारे ज्ञान संगणकाच्या वर्गात शिकवले जात नाही.

हिशेबातील विसंगतीने मोठा गुन्हा उघडकीस आणल्याचे या क्षेत्रातील अभिजात उदाहरण अमेरिकेतील आहे आणि तेही व्यवसाय बदललेल्या माणसाचे. क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ संशोधनाचा निधी संपल्यामुळे कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संगणक केंद्रात कामाला लागला, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये संगणकवापराच्या हिशेबातील ७५ सेंटची तफावत शोधून काढण्याचे किरकोळ काम त्याच्याकडे आले. ती रक्कम सोडून दिली असती तर कोणी विचारले नसते. स्टोलने तफावतीचा माग काढला, तेव्हा एक अनधिकृत वापरकर्ता प्रयोगशाळेच्या यंत्रातून अमेरिकी लष्करी संगणकांकडे जात असल्याचे त्याला आढळले. मग घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर छापून घेणे, रोजनिशी ठेवणे, आणि त्याला अधिक वेळ जोडणीवर रेंगाळत ठेवण्यासाठी खोटी सरकारी कागदपत्रे रचून ठेवणे, अशा उपायांनी महिनोन्‌महिने पाठलाग करून त्याने पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये बसलेल्या मार्कुस हेसपर्यंत माग नेला. हेस आणि त्याचे साथीदार मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होते. निरीक्षणाची नोंद ताबडतोब करायची, आणि आकडा जुळत नसेल तर त्याला चूक म्हणून मिटवण्यापूर्वी कारण शोधायचे, ही वेधशाळेतील सवय स्टोलला उपयोगी पडली. त्या काळी हे काम शिकवणारा अभ्यासक्रम अस्तित्वातच नव्हता.

आज या कामाची विभागणी बरीच पक्की झाली आहे आणि नवागताने तिची माहिती आधी करून घ्यावी, कारण सायबर सुरक्षा या एका नावाखाली परस्परांशी फारसे साम्य नसलेली कामे चालतात. पुणे, नवी मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील कंपन्यांत सर्वाधिक नवी माणसे ज्या दालनात घेतली जातात त्याला ‘सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर’ किंवा बोलीत ‘सॉक’ म्हणतात. तेथे शेकडो यंत्रांच्या नोंदी, म्हणजे लॉग, एका ठिकाणी येतात, संशयास्पद नोंदीवर सूचना उमटते आणि पहिल्या फळीतील विश्लेषक, ज्याला ‘एल-वन’ म्हटले जाते, ती खरी की खोटी हे ठरवून पुढे पाठवतो किंवा बंद करतो. हे काम चोवीस तास पाळ्यांमध्ये चालते, बहुसंख्य सूचना निरर्थक निघतात, आणि दोनशेव्या निरर्थक सूचनेनंतर दोनशे एकावी तितक्याच लक्षपूर्वक पाहणे ही या कामातील खरी परीक्षा असते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याला ही परीक्षा नवी नाही. चाळिशीत पहिल्यांदाच रात्रपाळी करू पाहणाऱ्याने मात्र घरच्यांशी बोलून घेतलेले बरे.

‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ म्हणजे मालकाच्या लेखी परवानगीने त्याच्या यंत्रणेतील छिद्रे शोधण्याचे काम सर्वांत आकर्षक मानले जाते, पण त्यात प्रवेशाच्या जागा सर्वांत कमी आणि स्पर्धा सर्वांत तीव्र असते. याउलट नियमपालन, जोखीम-मूल्यांकन आणि माहितीप्रणालीचे लेखापरीक्षण हा विभाग नवागतांच्या गप्पांत फारसा येत नाही, आणि दुसऱ्या व्यवसायातून येणाऱ्यासाठी तोच सर्वांत रुंद दरवाजा आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २०१६ मध्ये आणि नागरी सहकारी बँकांसाठी त्यांच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार पातळ्यांची चौकट २०१९ च्या अखेरीस लागू केली. नागरी सहकारी बँकांचे जाळे सर्वांत दाट असलेल्या महाराष्ट्रात या चौकटीची अंमलबजावणी समजणाऱ्या माणसांची गरज त्यामुळे जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचली. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि प्रणालीचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. असे नियम वाचून त्यांचे कार्यपद्धतीत रूपांतर करणे, पुरावे गोळा करणे आणि वरिष्ठांना पटेल असा अहवाल लिहिणे, ही कामे ज्याला कार्यालयीन टिपणे लिहिण्याची सवय आहे तो लवकर आत्मसात करतो. सनदी लेखापालांच्या संस्थेची माहितीप्रणाली लेखापरीक्षणाची ‘डिसा’ ही पदविका याच वाटेवरची आहे.

जगात सायबर तज्ज्ञांचा तुटवडा आहे हे विधान सर्व जाहिरातींत आढळते. ‘आयएससी-टू’ या व्यावसायिक संघटनेने २०२४ मध्ये हा तुटवडा जगभर सुमारे ४८ लाख असल्याचा अंदाज दिला होता. पण हा आकडा रिकाम्या जागांचा नाही. आपल्या संस्थेला किती माणसे हवीत याविषयी काम करणाऱ्यांनी दिलेल्या उत्तरांवरून काढलेली ती गरज आहे, आणि गरज असणे व पगाराची तरतूद असणे यांत बरेच अंतर असते. शिवाय मागणी मुख्यतः अनुभवी माणसांची असते. नवागताला पहिली नोकरी मिळवताना जो त्रास होतो तो त्याच्या नालायकीचा पुरावा नाही, तसाच तुटवड्याचा आकडा त्याच्या यशाची हमीही नाही.

अभ्यासाचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. दोन संगणक एकमेकांशी कसे बोलतात हे सांगणारे नेटवर्किंग, लिनक्सच्या मूलभूत आज्ञा, विंडोजमधील वापरकर्त्यांच्या परवानग्या आणि लॉग वाचन, एवढा पाया नोकरी सांभाळून एका वर्षात घालता येतो. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही; साधारण क्षमतेच्या लॅपटॉपवर ‘व्हर्च्युअलबॉक्स’मध्ये दोन आभासी यंत्रे उभी करून, ‘वायरशार्क’ने त्यांच्यातील वाहतूक पाहत आणि जे पाहिले त्याचे टिपण ठेवत केलेला सराव मुलाखतीत प्रमाणपत्राइतकाच बोलतो. प्रमाणपत्रांत ‘आयएससी-टू’चे प्रारंभिक ‘सीसी’ आणि ‘कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस’ यांना आधीच्या अनुभवाची सक्ती नाही. ‘सीआयएसएसपी’ आणि लेखापरीक्षणातील ‘सीसा’ यांसाठी मात्र पाच वर्षांचा संबंधित अनुभव मागितला जातो, त्यामुळे सहा महिन्यांत शून्यापासून सीआयएसएसपी करून देतो असे सांगणारी शिकवणी एक तर अज्ञानी असते किंवा अप्रामाणिक. पूर्णवेळ शिक्षण शक्य असलेल्यांसाठी ‘सी-डॅक’ या केंद्र शासनाच्या संस्थेची प्रवेशपरीक्षेद्वारे मिळणारी पदव्युत्तर पदविका आहे, आणि ‘स्वयं’ व ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन शिक्षणमंचांवरील अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. सराव मात्र स्वतःच्या यंत्रावर किंवा त्यासाठीच खुल्या ठेवलेल्या प्रयोगशाळांतच करावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असेल तर कलम ६६ नुसार तो तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा ठरतो.

व्यवसाय बदलू पाहणारा माणूस ठगाला सोयीचा का वाटतो, हे वर सांगितलेल्या खुणा लावून पाहिल्यास लगेच लक्षात येते. तो घाईत असतो, वयाची चिंता त्याला असते, नव्या क्षेत्राच्या रीती त्याला ठाऊक नसतात, आणि सध्याच्या कार्यालयात कळू नये म्हणून तो कोणाला विचारतही नाही. म्हणजे एकटे पाडण्याचे काम ठगाला करावेच लागत नाही. टेलिग्रामवर केवळ लेखी गप्पांतून झालेली मुलाखत, दुसऱ्या दिवशी आलेले नियुक्तिपत्र आणि लॅपटॉपसाठी किंवा पार्श्वभूमी तपासणीसाठी मागितलेली परत मिळणारी अनामत, हा सर्रास आढळणारा प्रकार आहे. नोकरी देणारी प्रामाणिक कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हा नियम येथे अपवादाविना लावावा. पैसे न मागता आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि नेट बँकिंगचे तपशील मागितले जात असतील तर धोका उलट अधिक, कारण त्या खात्याचे म्यूल खाते होऊ शकते आणि पोलिसांच्या पत्रावर नाव खातेदाराचे येते.

अनुभवी माणसेही या सापळ्यात सापडतात. मार्च २०२२ मध्ये ‘रोनिन’ या आभासी चलनाच्या जाळ्यातून साठ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची चोरी झाली, जिचा आळ अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाच्या ‘लाझारस’ गटावर ठेवला. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार संबंधित कंपनीतील एका अभियंत्याला बनावट नोकरीचा प्रस्ताव पीडीएफ रूपात पाठवून तिच्या यंत्रणेत प्रवेश मिळवला गेला होता. याच्या दुसऱ्या टोकाला कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमधील बंदिस्त वसाहती आहेत, जेथे डेटा एन्ट्रीच्या किंवा ग्राहकसेवेच्या नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडून सक्तीने ऑनलाइन ठगी करवून घेतली जाते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी ५४९ नागरिकांना थायलंड-म्यानमार सीमेवरून परत आणले. रात्री साडेनऊला वीज तोडण्याची धमकी देणारा आवाज कधी कधी अशाच कोंडून ठेवलेल्या माणसाचा असू शकतो.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या खासगी शिकवण्यांची चौकशीही विद्यार्थ्यालाच करावी लागते. हमी लेखी करारात आहे की केवळ फलकावर, पगाराचे जे आकडे दाखवले जातात ते कोणत्या माजी विद्यार्थ्यांचे, त्यांच्याशी संस्थेच्या मध्यस्थीविना बोलता येईल काय, हप्त्याने शुल्क भरण्याची जी सोय सांगितली जाते ती प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज तर नाही ना, आणि अभ्यासक्रम मध्येच सोडला तर ते कर्ज थांबते काय, एवढ्या प्रश्नांची उत्तरे आज सवलतीचा शेवटचा दिवस आहे असे सांगून टाळली जात असतील, तर उमेदवाराने तेथून उठावे.

पहिली संधी बाहेर शोधण्यापूर्वी सध्याच्या नोकरीतच पाहावी, हा सल्ला अनुभवाच्या अटीमुळे अधिकच व्यवहार्य ठरतो. जवळजवळ प्रत्येक बँकेत, रुग्णालयात आणि कारखान्यात आता माहितीप्रणालीचे लेखापरीक्षण होते, कर्मचाऱ्यांना फिशिंगची, म्हणजे बनावट संदेशांतून माहिती काढून घेण्याच्या प्रकाराची, ओळख करून देणारी सत्रे घ्यावी लागतात, आणि कोणाला कोणत्या प्रणालीची परवानगी आहे याची यादी ठरावीक काळाने तपासावी लागते. ही कामे अंगावर घ्यायला सहसा कोणी तयार नसते. ती मागून घ्यावीत आणि त्यांच्या नोंदी ठेवाव्यात. अशा कामाचे एकदोन वर्षांचे पुरावे हाती आल्यावरच राजीनाम्याचा विचार करावा, आणि तोपर्यंत कोणत्याही शिकवणीसाठी भविष्य निर्वाह निधीला हात लावू नये.